पाण्याच्या माणसाचा वाढदिवस

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. छत्रपती संभाजीनगरला जायचं असेल त्याने कॅलेंडर उघडल्यावर आधी या दोन वारांवर खूण करावी आणि मग पुढचं बघावं. ह्यांचा पन्नासावा वाढदिवस जानेवारीतल्या रविवारी येत होता. शनिवारी निघून सोमवारी रात्री घरी, एवढी सवड काढता येण्यासारखी होती. तेवढ्यात वेरूळ आणि अजिंठा दोन्ही बसवता आली असती. वेरूळ शहरापासून तीस किलोमीटरवर, अजिंठा शंभरावर. पर्यटकांच्या गाड्या रोज हेच करतात. पण मला ह्यांना पर्यटनस्थळं दाखवायची नव्हती, पाणी दाखवायचं होतं.

आम्ही नाशिकचे. ह्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. आमच्या घरात पहाटे साडेचारला फोन वाजला की आजारपणाची शंका येत नाही. कुठलातरी व्हॉल्व अडकलेला असतो, नाहीतर जलकुंभ भरलेला नसतो. बाहेर जेवायला गेलो तरी ह्यांची नजर रस्त्यावरच्या ओलीकडे असते. ती गळती आहे की कुणी गाडी धुतली, हे ठरल्याशिवाय पुढे पाऊल पडत नाही. अशा माणसाला वाढदिवसाला काय द्यावं? घड्याळ आहे, शर्ट आहेत. मी शाळेत इतिहास शिकवते, आणि सातवीच्या मुलांना मलिक अंबर शिकवताना मला दरवर्षी एक गोष्ट हळहळायला लावते. या माणसाने चारशे वर्षांपूर्वी एका कोरड्या पठारावर शहर वसवलं आणि त्या शहराला जमिनीखालून पाणी आणलं, हे ह्यांना डोळ्यांनी बघायला मिळायला हवं. नाशिकहून रेल्वेने तीन-साडेतीन तासांवरचं गाव. इतकं जवळ की कधी मुद्दाम जाणं झालं नाही.

अलीकडे आपल्याकडे सरप्राइजची हौस बरीच वाढली आहे. पूर्वी वाढदिवस म्हणजे सकाळी औक्षण आणि जेवायला गोड. मग केक आला, मग रात्री बाराला दार वाजवणारे मित्र आले, आणि आता नवरा-बायकोने एकमेकांना न सांगता एखाद्या गावाला घेऊन जाणं आलं. मला ते आवडतं. मात्र त्याचा विचार करताना एक गोष्ट जाणवली, ती इथे मोकळेपणाने सांगते. प्रवासाची अर्धी मजा वाट बघण्यात असते. कपडे काढून ठेवणं, गाडीची वेळ पाठ होणं, तिथे काय खायचं याच्या गप्पा. सरप्राइज देताना आपण समोरच्याकडून ही अर्धी मजा काढून घेतो. तिच्या बदल्यात तेवढंच मोलाचं काही देता येत असेल तरच हा खटाटोप करावा. ह्यांच्या बाबतीत ते काय, हे मला स्वच्छ दिसत होतं. तीन दिवस कसलीही जबाबदारी नाही, कसलाही निर्णय नाही.

म्हणून मी कधी निघायचं हे लपवलं नाही. कुठे जायचं, एवढंच लपवलं. महिनाभर आधी सांगून टाकलं, “अहो, त्या शनिवारपासून सोमवारपर्यंत रजा टाका. कुठे ते विचारू नका.” लग्नाला जायचंय, मामाकडे जायचंय अशा थापा मारणारे असतात, मला ते पटत नाही. थाप मारली की माणूस लग्नाचे कपडे घेतो आणि किल्ला चढायला कोल्हापुरी चप्पल घालून येतो. मी ह्यांना बूट घ्यायला सांगितलं, पातळ स्वेटर घ्यायला सांगितलं, दोघांची आधार कार्डं माझ्याकडे ठेवली, रक्तदाबाच्या गोळ्या मोजून डबीत भरल्या. तिकिटाचा संदेश माझ्याच मोबाइलवर येईल असं बघितलं. ह्यांचा कामाचा फोन तीन दिवस त्यांच्या हाताखालच्या एका समजूतदार सहकाऱ्याकडे राहील, हे त्या सहकाऱ्याशी मीच बोलून ठरवलं. नणंद सासूबाईंच्या सोबतीला येऊन राहिली. सासूबाईंना मात्र सगळं सांगितलं होतं. घरातल्या मोठ्या माणसाला अंधारात ठेवून केलेलं सरप्राइज आपल्याकडे निभत नाही, आणि ठेवूही नये. त्या महिनाभर लेकाशी बोलताना ओठ दाबून हसत होत्या.

तपोवन एक्सप्रेसने नाशिकरोड सोडलं तेव्हा ह्यांनी एवढंच विचारलं, “मनमाडच्या पुढे का अलीकडे?” मी म्हटलं, पुढे. मनमाडनंतर अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले दिसले, नगरसूल गेलं, रोटेगाव, लासूर गेलं. हा मार्ग निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमाराला झाला. गोदावरीच्या खोऱ्यातून हैदराबादकडे जाणारा तो तेव्हा मीटरगेज होता. दौलताबाद स्टेशन आलं आणि खिडकीतून देवगिरीचा तो तासलेला डोंगर दिसला, तेव्हा ह्यांनी माझ्याकडे बघितलं. “लेणी?” “लेणी आहेतच. पण आधी पाणचक्की.”

पाणचक्की खाम नदीच्या काठी आहे. बहुतेक लोक तिथे जातात, हौदातले मासे बघतात, फोटो काढतात आणि वीस मिनिटांत बाहेर येतात. आम्ही दुपारचे तिथे गेलो ते उन्हं कलेपर्यंत हललो नाही. बाबा शाह मुसाफिर हे बुखाऱ्याकडून आलेले सूफी संत. त्यांची कबर या आवारात आहे. सतराव्या शतकाच्या शेवटी ते इथे होते, आणि त्यांच्या माघारी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इथला हौद, कारंजी, इमारती वाढत गेल्या. दर्ग्यात येणाऱ्या फकिरांना, प्रवाशांना, अनाथांना अन्न द्यायचं तर पीठ हवं. पीठ दळायला जातं हवं. जातं फिरवायला बैल किंवा माणसं हवीत. त्याऐवजी त्यांनी पाणी कामाला लावलं. उत्तरेच्या डोंगराकडच्या, काही किलोमीटर लांबच्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून आणलं, एका उंच भिंतीत वर चढवलं आणि तिथून हौदात सोडलं. त्या पाण्याचा झोत खालच्या पंख्याच्या पात्यांवर पडतो, पंख्याचा आस फिरतो आणि त्याला जोडलेली वरची तळी दळते.

पंप नाही, वीज नाही, तरी पाणी भिंतीत वर कसं चढतं, असं शेजारच्या एका मुलाने त्याच्या वडिलांना विचारलं. वडील गोंधळले. ह्यांनी त्या मुलाला जवळ बोलावलं. “पाणी निघालं कुठून? डोंगरातून. तो डोंगर या भिंतीपेक्षा उंच. नळ बंद असला, कुठे फुटला नसला, तर पाणी जिथून निघालं त्या पातळीपर्यंत परत चढायला बघतं. याला आम्ही हेड म्हणतो.” मग त्यांनी खिशातलं पेन काढून त्याच्या वहीवर उतार काढून दाखवला. मी एवढी वर्षं शिकवते आहे, पण इतका सोपा धडा मला क्वचित जमला असेल.

दुसरी गंमत हौदाच्या खाली आहे. कारंज्यांचा तो लांबट हौद म्हणजे खालच्या मोठ्या दालनाचं छप्पर आहे. डोक्यावर पाणी, त्यामुळे मराठवाड्याच्या उन्हाळ्यातही दालन गार. ह्यांनी खांबांवरून हात फिरवला, छताला कुठे ओल आहे का ते बघितलं. तीनशे वर्षांच्या आसपासचा हौद आणि खाली लोक बसू शकतात, याचं त्यांना जे वाटलं ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं.

पाणचक्कीला पाणी आणणारा हा नहर शहरातला पहिला नव्हे. पहिला मलिक अंबराचा, नहर-ए-अंबरी. मलिक अंबर हा जन्माने हबशी, इथिओपियातला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादच्या बाजारातून फिरत दख्खनला पोचला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. मोगलांना त्याने आयुष्यभर झुंजवलं. त्याने १६१० मध्ये खडकी नावाच्या खेड्याच्या जागी राजधानी उभारली. त्याचा मुलगा फतेहखान याने तिचं फतेहनगर केलं, १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला तेव्हा औरंगाबाद झालं, आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. खडकी हे नावच जमीन कशी होती ते सांगतं. वर खडक, जवळची खाम नदी पावसाळ्यापुरती. अशा जागी राजधानी करणं हा वेडेपणा आहे असं दरबारातल्यांना वाटलं असणार. अंबराने उत्तरेच्या डोंगरांच्या पायथ्याशी मुरलेलं पाणी भुयारांनी गोळा केलं, ठरावीक अंतरावर आत उतरायला विहिरीसारखे झरोके ठेवले आणि ते पाणी उताराने शहरात आणलं. इराणात याला कनात म्हणतात. बीदरला आणि बुऱ्हाणपूरला याच घराण्यातली कामं आहेत.

शहरात हे पाणी उंच चिरेबंदी मनोऱ्यांत चढवलं जाई. इथले लोक त्यांना बंब म्हणतात. त्यात नळातली हवा निघून जाई, गाळ खाली बसे आणि पाणी पुढच्या मोहल्ल्याला जोर धरून जाई. “आम्ही एअर व्हॉल्व बसवतो, तेच हे,” हे म्हणाले, आणि मग थोडं थांबून, “फक्त हा बिघडत नाही.” पुढच्या काळात शहरात असे आणखी नहर होत गेले आणि विसाव्या शतकापर्यंत लोक हे पाणी पीत होते. आज ते ठिकठिकाणी तुटले आहेत, त्यांच्यावर घरं उभी आहेत. काही मंडळी त्यांचे नकाशे करतात, ते वाचावेत म्हणून धडपडतात. त्या धडपडीला शहराने आणि सरकारने मनापासून साथ द्यावी. बावन्न दरवाजांचं शहर म्हणून हे गाव मिरवतं. ते खरंच आहे, भडकल दरवाजा बघताना मान मोडते. पण या शहराचा खरा पराक्रम जमिनीखाली आहे.

संध्याकाळी बीबी का मकबऱ्यात गेलो. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू १६५७ मध्ये इथे, बाळंतपणानंतर वारली. तिच्यासाठी ही कबर. मुलगा आझमशाह याचं नाव तिच्याशी जोडलं जातं. अताउल्ला हा तिचा वास्तुकार, ताजमहालाशी ज्याचं नाव निगडित आहे त्या उस्ताद अहमद लाहौरीचा मुलगा. हंसपतराय हा अभियंता. खर्च ६,६८,२०३ रुपये सात आणे झाला, अशी नोंद एका जुन्या बखरीत आहे. खाली संगमरवर, वर बेसॉल्ट आणि त्यावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा. ताजची नक्कल म्हणून लोक तिच्याकडे नाक मुरडून बघतात. मला ते फार अन्यायाचं वाटतं. मागे डोंगराची करडी भिंत, पुढे पाण्याचा सरळ पाट आणि त्यात उतरलेले मनोरे, हे ज्याला नीट बघता येईल त्याला आग्र्याची आठवण यायचं कारण नाही. ह्यांनी कारंज्यांच्या ओळी मोजल्या आणि पाणी कुठून आणलं असेल त्याची दिशा हाताने दाखवली. रात्री नान-खलिया खाल्ला. तंदुरातली जाडसर पिवळी नान आणि मटणाचा पातळ, तवंग आलेला रस्सा. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हाच्या लष्करी भटारखान्यातून हा पदार्थ आला असं इथले लोक सांगतात.

रविवारी पहाटे हॉटेलच्या खोलीत मी औक्षण केलं. छोटं तबक, निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी हे सगळं पंच्याच्या घडीत बांधून आणलं होतं. वातीही घरूनच वळून नेल्या होत्या. सासूबाई फोनवर होत्या. त्यांनी तिथून ओवाळलं. मग मी ह्यांच्या खांद्यावर हिमरूची शाल घातली. आदल्या रात्री ती गुलमंडीकडून घेतली होती, “नणंदेला न्यायची आहे” असं न म्हणता, फक्त ह्यांना चहाला बसवून. हिमरू म्हणजे सुती ताण्यावर रेशमी बाण्याची नक्षी. सोन्याचांदीच्या तारांचा किनखाब राजेरजवाड्यांना. त्याच बुट्ट्या, त्याच वेली रेशमात विणल्या तर इतरांना परवडतात. नक्षीचे सुटे धागे मागच्या बाजूला मोकळे राहतात, त्यामुळे शाल उबदार होते. यंत्रमागाच्या शाली हिमरू म्हणून विकल्या जातात. घेणाऱ्याने शाल उलटी करून मागचे धागे बघावेत आणि जिथे हातमाग चालू आहे अशा ठिकाणी चार पैसे जास्त मोजावेत. हाताने विणणारे फार थोडे उरले आहेत.

वेरूळला आम्ही दार उघडताच पोचलो. चौतीस लेणी आहेत: पहिली बारा बौद्ध, मग एकोणतीसपर्यंत हिंदू, शेवटची पाच जैन. सगळी बघायचा हट्ट धरला तर एकही दिसत नाही. कैलास, म्हणजे सोळावं लेणं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं. वरून खाली कोरत आलेलं, हे सगळ्यांना माहीत असतं. ह्यांना पडलेला प्रश्न मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नव्हता: “एवढा खड्डा खणला, तर पावसाळ्यात पाणी कुठे जात होतं?” अंगणाचा उतार, चौथऱ्याच्या कडेच्या चऱ्या आणि दारातून बाहेर पडणारी वाट शोधण्यात आमचा बराच वेळ गेला. मी ह्यांना अंगणाच्या उत्तरेकडे नेलं. तिथे तीन नद्यांचं छोटं देऊळ आहे: मकरावर गंगा, कासवावर यमुना, कमळावर सरस्वती. शिवाच्या घरात शिरतानाच पाण्याच्या तिन्ही देवता. नाशिकच्या माणसाने तिथे हात जोडले नाहीत तर कुठे जोडावेत?

तिथून एकोणतिसाव्या लेण्यात, धुमार लेण्यात गेलो. ते जरा लांब, वेळगंगेच्या घळीत आहे. पावसाळ्यात शेजारीच धबधबा पडतो आणि खालच्या डोहाला सीतेची न्हाणी म्हणतात. जानेवारीत धार नव्हती. जोडप्याने वेरूळला यावं ते या लेण्यासाठी, असं माझं ठाम मत आहे. एका बाजूला शिवपार्वतीचं लग्न कोरलं आहे. वधूचा हात वराच्या हातात. दुसरीकडे दोघं सारीपाट खेळत बसली आहेत. हाच खेळ वेरूळला चौदाव्या आणि एकविसाव्या लेण्यातही आहे, म्हणजे शिल्पकारांना तो विषय आवडत असला पाहिजे. रावण कैलास हलवतो त्या शिल्पाचा दरारा मोठा, पण सारीपाटाच्या शिल्पात देव घरातले होतात. कुणीतरी डाव जिंकलाय, कुणीतरी रुसलंय, आणि खाली गणांचा नंदीशी खेळ चालला आहे. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत आली. आम्ही त्या शिल्पासमोर दगडावर बसून शिदोरी सोडली असती, पण लेण्यात खायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. धपाटे आणि दही बाहेर येऊन झाडाखाली खाल्लं.

घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं. गाभाऱ्यात पुरुषांना अंगावरचे वरचे कपडे काढून जावं लागतं, तेव्हा थंडीत जाणाऱ्यांनी तयारी ठेवावी. अहिल्याबाई होळकरांनी हे देऊळ पुन्हा उभं केलं. देवळापासून जरा अंतरावर त्यांच्याच जीर्णोद्धारातलं पायऱ्यांचं कुंड आहे. चारी बाजूंनी उतरत जाणाऱ्या पायऱ्या आणि त्यांच्यात आठ छोटी देवळं. देवळाच्या रांगेत शेकडो माणसं होती, कुंडावर आम्ही दोघं आणि एक आजी.

परतताना देवगिरी, म्हणजेच दौलताबादचा किल्ला. किल्ला चढायचा तर सकाळी लवकर, पाणी घेऊन, गुडघे धड असताना. आम्ही वर गेलो नाही. खाली, भारतमातेच्या मंदिराच्या अलीकडे हत्ती हौद आहे. माझ्या यादीत तोच होता. प्रत्येक बाजू सुमारे अडतीस मीटर, खोली साडेसहा मीटरच्या आसपास. ह्यांनी मोबाइल काढून गुणाकार केला: सुमारे चौऱ्याण्णव लाख लिटर. “आम्ही माणशी रोजचे १३५ लिटर धरतो. म्हणजे सत्तर हजार माणसांचं एका दिवसाचं पाणी, एका हौदात.” तुघलकाच्या फर्मानाने दिल्लीहून आलेल्या माणसांना इथे काय काय सोसावं लागलं ते इतिहासात आम्ही शिकवतो. हौदाच्या काठावर उभं राहून ह्यांनी तो इतिहास माझ्यापेक्षा वेगळ्या बाजूने वाचला. राजधानी हलवणं म्हणजे आधी तिचं पाणी हलवणं, एवढंच ते म्हणाले.

सोमवार पैठणचा. मी हे मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगवलेली गोदावरी आमच्या गावातून जाते, नांदूरमधमेश्वरला थांबते, कोपरगाव ओलांडते आणि पैठणला नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात येते. ह्यांनी तिचं वरचं टोक रोज हाताळलं. खालचं कधी बघितलं नव्हतं. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ मध्ये झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. मातीची जवळजवळ दहा किलोमीटर लांबीची भिंत, सत्तावीस दरवाजे, आणि सगळं मिळून शंभर टीएमसीच्या वर साठा. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. काठावरून पाहिलं तर पलीकडचा काठ दिसत नाही. हिवाळ्यात इथे रोहित येतात. लांब उथळ पाण्यात एक फिकट गुलाबी रेघ होती ती तीच.

नाशिक आणि मराठवाडा यांच्यात या पाण्यावरून दर तुटीच्या वर्षी ताण होतो. ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असं सूत्र मेंढेगिरी समितीने घालून दिलं. वरच्यांना वाटतं आमच्या द्राक्षबागांचं पाणी नेलं, खालच्यांना वाटतं आमच्या हक्काचं अडवलं. नाथांच्या समाधीचं दर्शन घेऊन घाटावर बसलो होतो, तेव्हा फुलं विकणाऱ्या एका बाईंनी विचारलं, “कुठले म्हनायचे पाव्हणे?” नाशिकचे म्हटल्यावर त्या हे कोण, काय करतात हे न विचारताच म्हणाल्या, “मग यंदा पानी सोडायलात का नाही?” ह्यांनी त्यांना खरं उत्तर दिलं. यंदा पाऊस झालाय, धरण भरलंय, ताण पडणार नाही. वाटेत किती मुरतं, किती वाफ होऊन जातं, हेही सांगितलं. बाई मन लावून ऐकत होत्या. त्यांची लेक संभाजीनगरला दिलेली, तिच्या नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येतं. धरण इथे, लेकीचं घर पन्नास किलोमीटरवर, आणि तरी.

गाडीत बसल्यावर हे बराच वेळ त्यावरच बोलत होते. शहर धरणापेक्षा शंभर मीटरहून जास्त उंचावर आहे. इथून तिथपर्यंतचा प्रत्येक थेंब विजेने ढकलत न्यावा लागतो. मलिक अंबराने उत्तरेच्या डोंगरातून पाणी उतरवून आणलं होतं, आपण दक्षिणेच्या खोऱ्यातून चढवून आणतो. आजच्या वस्तीला अंबराचं पाणी पुरणार नाही, हे ते जाणतात. पण शहराच्या उत्तरेला जे पाणी अजून जमिनीखालून वाहतंय ते बागांना, धुण्याभांड्यांना वापरात आणलं तर तेवढा भार कमी होईल, असा हिशोब त्यांनी ड्रायव्हरला समजावून दिला. तो मूळचा हर्सूलचा निघाला. म्हणाला, “काका, आमच्या शेताकडं नहराचे झरोके हायेत की. आजोबा सांगायचे, आत उतरायचे ते साफ करायला.”

ह्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. स्वतःच्या फोनवरून कार्यालयात कळवलं की मंगळवारीही येत नाही. मग मला म्हणाले, “अगं, तुझं परतीचं तिकीट बदलता येईल का बघ,” आणि ड्रायव्हरला म्हणाले, “सकाळी सातला ये. आणि एक चांगली बॅटरी लागेल.”